डेडस्टॉक ४१७/२

"पासवर्ड चुकला म्हणतोय का?" हेर्लेकर सरांनी माझ्या खांद्यावरून वाकून तिसऱ्यांदा विचारलं. त्यांच्या तोंडाला वेलदोड्याचा वास येत होता.

"पासवर्ड विचारायलाच तयार नाही तो," मी म्हणालो. "दोन्हींत फरक आहे, सर."

"अच्छा, अच्छा," म्हणत त्यांनी मान डोलावली. फरक त्यांना कळलेला नाही हे मला कळलं, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. ज्या माणसाने मला तीन वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं त्याला इलेक्ट्रॉनिक्स येत नाही, हा माझा जुना संशय होता. त्या सकाळी त्याच्यावर शिक्कामोर्तब झालं.

पावणेनऊ वाजले होते. एका जिल्ह्याच्या गावचं शासकीय तंत्रनिकेतन. गावाचं नाव घेत नाही, कारण तिथली निम्मी माणसं अजून नोकरीत आहेत. अकरा वाजता मूल्यांकन समिती यायची होती. त्यासाठी पोर्चमध्ये रांगोळी घातली होती, वर्षभर बंद असलेला वॉटर कूलर पुसून ठेवला होता, आणि आमच्या जुन्या प्रयोगशाळेच्या दारावर फलक लागला होता: 'दूरस्थ प्रयोगशाळा'. योजना अशी, की एखाद्या वाडीवरच्या मुलाने घरी बसून लॉगिन करायचं, प्रयोगशाळेतल्या ऑसिलोस्कोपमध्ये शिरायचं आणि विजेची लाट आपल्या पडद्यावर बघायची. कागदावर ही योजना दोन वर्षं सुखाने चालली होती. उंटावरून शेळ्या हाकण्याची कला सरांकडे मुळातच होती, आता तिला यंत्राची जोड मिळाली होती. आदल्या दुपारी त्यांनी पहिल्यांदाच ते लॉगिन स्वतः करून बघितलं, ते झालं नाही, आणि त्यांना माझी आठवण झाली.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. पुण्यात आठ महिन्यांपूर्वी नोकरी लागली होती आणि गळ्यातलं ओळखपत्र मी एसटीतसुद्धा काढत नसे. सरांचा फोन आला तेव्हा मी साहेबाकडे एक दिवसाची रजा अशी मागितली, की जणू सरकारनेच पाचारण केलं आहे.

तो ऑसिलोस्कोप माझ्या हातचा होता, म्हणून मला बोलावलं होतं. त्याची हकीकत थोडक्यात अशी. कॉलेजने एकाच खेपेला दोन स्कोप घेतले होते, अगदी जुळे. कंपनी तोच स्कोप दोन नावांनी विकायची, शंभर मेगाहर्ट्झ वेगाचा आणि दोनशेचा. आतली यंत्रणा एकच. फक्त फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या पोटात भरलेला हुकूम, स्वस्तातल्याचे पाय बांधून ठेवायचा. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी मी त्यातल्या एकाचे पाय सोडले. फर्मवेअर बदललं, शंभरचा दोनशे केला, आणि जाता जाता बाहेरून आत शिरायला एक दारही पाडलं. पासवर्ड ठेवला स्कोपच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने रंगवलेला डेडस्टॉक नंबर, ४१७/२. सरकारी कॉलेजात खुर्चीपासून पंख्यापर्यंत प्रत्येक वस्तूच्या अंगावर असा नंबर असतो आणि तो रजिस्टरात असतो. मला त्या नंबरांची फार गंमत वाटायची.

हेर्लेकर सरांना मी एवढंच सांगितलं होतं, की "थोडं सेटिंग केलंय." त्यावर त्यांनी एका परिषदेत निबंध वाचला. निबंधात माझं नाव नव्हतं.

आणि हे सगळं मी केलं ते रविवारी, कारण रविवारी तोडकर मामा मला किल्ली द्यायचे.

मामा प्रयोगशाळेचे परिचर. झाडणं, पुसणं, मुलांना यंत्रं काढून देणं, मोजून परत घेणं. अंगात खाकी शर्ट, कमरेच्या करदोट्याला किल्ल्यांचा जुडगा. गावाकडच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे आणि आमच्या टेबलांवरही बोटं चालायची. विद्यार्थ्याला एकट्याला प्रयोगशाळेची किल्ली द्यायची नाही असा नियम होता. मामांनी एकतीस वर्षांत तो एकदाच मोडला, माझ्यासाठी. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं, मीच हिशेब लावला होता. त्यात मला विशेष काही वाटलं नव्हतं. हुशार मुलासाठी लोक नियम मोडतात, अशी माझी समजूत होती.

"आज हे चाललं नाही, तर जबाबदारी निश्चित करावी लागेल," हेर्लेकर सर घड्याळ बघत म्हणाले. सरकारी माणसाने 'जबाबदारी निश्चित' म्हटलं की समजावं, ती त्याच्यावर निश्चित होणार नाही. "किल्ली कालपासून माझ्याकडे आहे. त्याआधी वर्षानुवर्षं तोडकरांकडे. काय तोडकर?"

मामा दाराशी उभे होते. "हो, सर."

"मेअखेर रिटायर ना तुम्ही?"

"हो. एकतीस वर्सं भरत्यात." मग ते म्हणाले, "सेवापुस्तकात एक शेरा न्हाई, सर. कोरं घिऊन जायचं म्हणतोय."

हे वाक्य मी विद्यार्थी असताना निदान पन्नासदा ऐकलं होतं. वरिष्ठाचा ताकीद देणारा शेरा सेवापुस्तकात पडला, की तो लाल शाईने पडतो आणि मरेपर्यंत राहतो. मामांना त्या लाल शाईची साडेसातीपेक्षा जास्त धास्ती होती. मला त्याचंही हसू यायचं. माणसाने आयुष्यभर करून दाखवायचं काय, तर कोरं पुस्तक!

मी कामाला लागलो. स्कोप चार नंबरच्या टेबलावर होता, शेजारी नेटवर्कचा सॉकेट. पाठीवरचा नंबर बघितला: ४१७/२. आपलाच. माझ्या लॅपटॉपवरून हाक मारली तर स्कोप ओ देत होता, म्हणजे केबल ठीक. पत्ता बरोबर. पण लॉगिन करायला गेलं की क्षणात एकच उत्तर, कनेक्शन नाकारलं. पासवर्ड चुकला तर दाराआडून निदान 'कोण आहे' असं तरी विचारतात. इथे दारच नव्हतं. मी जे दार पाडलं होतं ते कोणीतरी लिंपून टाकलं होतं.

"सर," दाराशी मामांचा आवाज आला. "जरा भाईर येता का? दोन मिन्टं."

विद्यार्थी असताना ते मला 'केदार' म्हणायचे, कधी 'लेका'. आता सर म्हणत होते. मी त्यांना थांबवलं नव्हतं.

"इथेच सांगा ना, मामा."

त्यांनी हेर्लेकर सरांकडे बघितलं. "न्हाई, काय न्हाई. च्या घ्यायचा का म्हणत हुतो."

"अहो, इथे आग लागलीय आणि तुम्हाला चहा सुचतोय," हेर्लेकर सर म्हणाले. मी हसलो.

साडेनऊ झाले. मी स्कोप बंद करून परत चालू केला. केबल बदलली. सॉकेट बदलला. दुसऱ्या संगणकावरून प्रयत्न केला. शेवटी स्कोपच्याच पडद्यावर त्याची माहिती उघडली आणि थक्क झालो. मॉडेलच्या नावापुढे शंभर मेगाहर्ट्झ. माझा दोनशेचा स्कोप पुन्हा शंभराचा झाला होता. खाली फर्मवेअरची आवृत्ती होती ती कंपनीची, मूळची, बाळबोध.

मला शोध लागल्याचा आनंद झाला. सगळं जुळत होतं. कोणीतरी पेन ड्राइव्हने कंपनीचं मूळ फर्मवेअर आत घातलं होतं, आणि माझं पुसलं गेलं होतं. म्हणून वेग गेला, म्हणून दार गेलं. हे आपोआप होत नाही. ते करायला माणूसच लागतो.

"कोणीतरी हात लावलाय," मी जाहीर केलं.

"कोणी?" हेर्लेकर सरांचा आवाज एकदम पातळ झाला. चूक यंत्राची असेल तर ती विभागप्रमुखाकडे येते. माणसाची असेल तर त्या माणसाकडे जाते. त्यांच्या चेहऱ्यावर रंग भरताना मला दिसला.

"सर," मामा पुन्हा आत डोकावले. या वेळी ते टेबलापर्यंत आले, माझ्या बाजूला वाकले आणि हळूच म्हणाले, "केदार, लेका, भाईर चल. एक गोष्ट बोलायचीय."

'लेका' ऐकून मला राग आला. समोर सर उभे, गळ्यात माझं ओळखपत्र, आणि हा माणूस मला लेका म्हणतोय.

"मामा, मी खेळत बसलेलो नाही," मी मोठ्याने म्हणालो. "यातलं तुम्हाला काही कळतं का? मग मधेमधे करू नका."

ते सरळ झाले. एक पाऊल मागे गेले. हात त्यांनी कमरेच्या जुडग्यावर ठेवला होता, एवढं मला आठवतं. त्या वेळी त्या हाताकडे मी बघितलंच नाही, नंतर मात्र तो हात मी शंभरदा बघितला आहे.

समिती दहालाच आली. अशा समित्यांना लवकर येऊन माणसं पकडण्याची हौस असते. तिघे जण होते. दोघे प्राचार्यांच्या केबिनमध्ये काजू खायला गेले, आणि समितीच्या अध्यक्ष निंबकर मॅडम एकट्या सरळ आमच्याकडे आल्या. बारीक, करड्या केसांच्या, पायात कॅनव्हासचे बूट. रांगोळीवरून त्या खुशाल चालत आल्या. त्या क्षणी मला त्या एवढ्याच एका कारणासाठी आवडल्या.

"चालत नाहीये ना?" त्यांनी आल्या आल्या विचारलं.

"एक किरकोळ तांत्रिक—" हेर्लेकर सरांनी सुरुवात केली.

"मी यांना विचारतेय."

मी छाती पुढे काढली. "मॅडम, माझ्या फर्मवेअरवर कोणीतरी कंपनीचं फर्मवेअर चढवलंय. त्यामुळे—"

"तुमच्या?" त्या म्हणाल्या. "स्कोप कंपनीचा, मालकी शासनाची. फर्मवेअर तुमचं कसं?"

मी उगाच केबल चाचपली.

"शासकीय उपकरणात कोणी परस्पर बदल केला होता का?" त्यांनी डायरी उघडली. "केला असेल तर ते गंभीर आहे. वॉरंटी गेली, रजिस्टरातलं वर्णन खोटं ठरलं. ज्याने केला त्याच्या सध्याच्या नोकरीच्या ठिकाणीही कळवावं लागेल. नाव काय तुमचं?"

माझ्या गळ्यात ओळखपत्र होतं, कंपनीच्या नावासकट. मी ते हळूच शर्टाच्या आत सरकवलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

"केदार भिलारे," मी म्हणालो. "नाही मॅडम, बदल असा काही नाही. मी नुसतं सेटिंग म्हणत होतो. साधं कॉन्फिगरेशन."

"मग बिघडलं कशाने?"

मी इकडेतिकडे बघितलं. टेबलाच्या कडेला खिळ्याला लाल दोऱ्याने एक पेन ड्राइव्ह टांगलेला होता. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, ही तर चांगली दोन इंचांची होती.

"हा कोणाचा?"

"माझा," दारातून मामा म्हणाले. "भजनं हायत आमच्या मंडळाची. झाडताना कंपूटरवर लावतो."

हेर्लेकर सर फस्सकन हसले. मीही हसलो. मॅडमच्या ओठांचा कोपरासुद्धा हलला. स्कोपच्या पुढच्या बाजूला पेन ड्राइव्हची खाच होती, आणि आम्हा तिघांनाही एकाच वेळी तेच चित्र दिसलं: म्हातारा परिचर लाखाच्या यंत्रात भजनांचा पेन ड्राइव्ह खुपसून अभंग सुरू व्हायची वाट बघत उभा आहे. ते चित्र इतकं मजेशीर होतं, की ते खरं आहे का हे बघायची कोणाला गरज वाटली नाही. भजनांनी फर्मवेअर पुसलं जात नाही, हे त्या खोलीत एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं. तो माणूस मी.

"मामा," मी विचारलं, "हा पेन ड्राइव्ह तुम्ही कधी या स्कोपमध्ये घातला होता का?"

मामा माझ्याकडे बघत राहिले. मग मॅडमच्या उघड्या डायरीकडे बघितलं. मग माझ्या शर्टाकडे, जिथे ओळखपत्राची नुसती पट्टी दिसत होती.

"सर," ते तिसऱ्यांदा म्हणाले, "एक डाव भाईर येता का?"

"मामा, हो की नाही तेवढं सांगा."

दोन पावलांवर व्हरांडा होता.

"घातला गेला असंल," ते म्हणाले. "माझ्या हातनं."

"बघा!" हेर्लेकर सर म्हणाले. आणि मला, देवाशपथ सांगतो, विजय मिळाल्यासारखं वाटलं. खोटं बोलून मी सुटलो होतो, आणि वर माझा अंदाजही खरा ठरला होता. मी स्वतःला पटवलं, की भजनाच्या पेन ड्राइव्हवर कुठून तरी ते फर्मवेअर आलंच असेल. खेड्यातली माणसं काय वाटेल ते उतरवून घेतात.

मॅडमनी डायरी मिटली. "दोन ओळींत लेखी द्या," मला म्हणाल्या, आणि पुढच्या प्रयोगशाळेकडे गेल्या.

मी लेखी दिलं. तो कागद मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे. 'सदर उपकरणात अकुशल व्यक्तीने अनधिकृत पेन ड्राइव्ह वापरल्याने दूरस्थ प्रवेशाची सुविधा बंद पडली आहे.' 'अकुशल व्यक्ती' हा शब्द सुचल्यावर मी पेन थांबवून तो मनातल्या मनात एकदा म्हणून बघितला होता. चांगला वाटला. खाली झोकदार सही केली.

तंत्रनिकेतनाला मूल्यांकनात उत्तम श्रेणी मिळाली. दूरस्थ प्रयोगशाळेबद्दल कोणी पुन्हा विचारलंही नाही. हेर्लेकर सरांना पुढे बढती मिळाली. मामांच्या सेवापुस्तकात सक्त ताकीद लिहिली गेली, लाल शाईने, आणि शेवटचे तीन महिने त्यांना सायकल स्टँडवर बसवलं. हे मला सरांनीच फोनवर सांगितलं, हसत. "आता तिथे भजनं लावतो म्हणे!" मी म्हणालो, "छान." निरोप समारंभाला मी गेलो नाही. मामाही गेले नव्हते, हे नंतर कळलं.

सहा वर्षं गेली.

एके दिवशी सुप्रिया मेटकरीचा फोन आला. ती माझ्याच वर्गातली. आम्ही तिला घोकंपट्टीवाली म्हणून चिडवायचो आणि आता तीच तिथे विभागप्रमुख झाली होती.

"केदार, जुनी प्रयोगशाळा मोडीत काढतेय," ती म्हणाली. "तोडकर मामांच्या कपाटाची किल्ली कोणाकडेच नव्हती, कुलूप तोडलं. आत एक स्कोप सापडलाय. खाकी शर्टात गुंडाळलेला. पाठीवरचा नंबर खरवडून काढलाय. आणि चालू केला तर दोनशे मेगाहर्ट्झ दाखवतोय. आपल्याकडे दोनशेचा स्कोप रजिस्टरात नाहीच! हा मी मोडीत तरी कसा काढू? नसलेली वस्तू मोडीत निघत नाही."

मी शनिवारी गेलो. स्कोप सुप्रियाच्या टेबलावर होता. शर्टाची घडी शेजारी. मी केबल लावली, लॅपटॉप उघडला, लॉगिन केलं. क्षणात पासवर्ड विचारला. मी ४१७/२ टाइप केलं आणि आत गेलो. दहा वर्षांपूर्वी मी पाडलेलं दार जसंच्या तसं होतं. कोणी काही पुसलं नव्हतं, कोणी काही लिंपलं नव्हतं. त्या दिवशी मी तास-सव्वा तास दुसऱ्याच यंत्राशी झुंजत होतो. जुळ्यांतला दुसरा कुठे आहे, हा पहिलीतल्या पोराला सुचेल असा प्रश्न मी, कुशल व्यक्तीने, विचारलाच नव्हता.

"पण नंबर?" मी म्हणालो. "टेबलावरच्या स्कोपवर ४१७/२ होतं. मी डोळ्यांनी बघितलं."

"ते मामांनाच विचार," सुप्रिया म्हणाली. तिच्या आवाजात काय होतं, हे मी समजून घेतलं नाही. माझ्या सहीचा तो कागद फायलीत होता आणि तिने तो वाचला असणार.

मामांचं गाव तिथून दीड तासावर. घर शोधायला लागलं नाही, पखवाजवाले तोडकर म्हटल्यावर पोराने बोट दाखवलं. मामा ओसरीवर बसले होते, मांडीवर पखवाज. परातीत भिजवलेली कणीक होती. पखवाजाच्या एका अंगाला ती थापतात, त्याशिवाय आवाज भरत नाही. त्यांनी मला ओळखलं. "बस," म्हणाले. पाणी दिलं नातीने.

मी विचारलं, त्यांनी सांगितलं. कणीक थापत, खाली बघत, एखाद्या तिसऱ्याच माणसाची गोष्ट असावी तसं.

दर एप्रिलमध्ये डेडस्टॉक पडताळणी व्हायची. दुसऱ्या विभागातला माणूस येऊन रजिस्टरातली एकेक वस्तू बघून टिकमार्क करणार. त्या वर्षी वरून आदेश आला, यंत्रं चालू करून बघा. स्थापत्य विभागाचे फडतरे आले. त्यांनी पहिला स्कोप चालू केला: शंभर. रजिस्टरात शंभर. टिक. ४१७/१. मग ते चहाला बसले.

"दुसरा तुझा," मामा म्हणाले. "त्यो लावला की दोनशे दाखवनार. रजिस्टरात शंभर. फडतऱ्या म्हनला असता, सरकारी शंभरचा कुठं गेला आन् ह्यो दोनशेचा कुनाचा? चौकशी. तिथनं तुझं नाव यायला किती येळ? तू तवा डिग्रीच्या शेवटच्या वर्साला. मग म्या तुझ्यावरला नंबर खरवडला आन् त्यो कपाटात घातला. पैला उचलून चार नंबरच्या टेबलावर नेला. ब्रश हुताच. एकाचा दोन केला. रंग वला हुता, फडतऱ्यानं बोट न्हाई लावलं म्हनून बरं. तोच स्कोप दोनदा मोजला त्यानं."

"नंतर परत का नाही बदललात?"

"पुढच्या एप्रिलला परत फडतऱ्या येनारच. मेमध्ये मी सुटनार. म्हटलं, एवढं वरीस जाऊ दे, तू आलास की तुला सांगू, तू त्याचा शंभर करून दे. तुलाच येतंय त्ये."

आणि मी आलो होतो. ऐन मोक्याला, गळ्यात पट्टा घालून.

"कपाटाची किल्ली कमरंला हुती," मामा म्हणाले. "तू भाईर आला असतास तर दोन मिन्टांत सांगून झालं असतं. सरांस्नी न्याहारीला काढायचं, स्कोप बदलायचा. काम झालं असतं. कुनाला पत्ता लागला नसता."

पुण्याहून निघताना मी एक पत्र टाइप करून आणलं होतं, संचालनालयाच्या नावे. माझी चूक, माझी सही, तोडकर यांच्यावरील शेरा काढून टाकावा. ते मी ओसरीवर त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांचे हात कणकेचे होते.

"ऱ्हाऊ दे तिथंच," ते म्हणाले.

"मामा, पण त्या दिवशी तुम्ही तोंडावर सांगायचं होतं. मी नव्हतोच तसा..." मी तसाच होतो.

"त्या बाईपुढं? नवी नोकरी हुती तुझी. पट्टा लपवलेला बघितला म्या."

"मग नंतर तरी. एक फोन. सहा वर्षं, मामा."

त्यांनी कणकेचा गोळा अंगठ्याने दाबून मधोमध बसवला, कडा बोटाने फिरवल्या. मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"त्या दिशी तुझ्यापायी गप बसलो. नंतर तुझ्यापायी न्हाई," ते म्हणाले. "नंतर मला माझीच लाज वाटाय लागली. एकतीस वर्सांत येकाच पोराच्या हातात लॅबची किल्ली दिली. पोरगं पारखलं हुतं म्या. आन् ते असलं निघालं. शेऱ्याचं काय, शेरा हेर्लेकरनं लिवला. पर ह्यी चूक माझी हाय, ती कुनाला फोन करून सांगू?"



त्यांनी पखवाजावर थाप मारली. आवाज भरून आला. पुन्हा एक मारली, कान लावून ऐकलं, जरा कणीक काढली.

"साडेपाचची येस्टी हाय," ते पखवाजाकडे बघत म्हणाले. "त्यानंतर न्हाई."

पाच वाजायला दहा कमी होते. आत चुलीवर चहाचं आधण उकळल्याचा वास येत होता. त्यांनी मला चहाचं विचारलं नाही.